दिले की सोपविले? : वऱ्हाडच्या इतिहासातील काही क्रियापदे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामापासून बऱ्याच अंतरावर एक वस्ती आहे. तेथे लहानसे प्रार्थनामंदिर आहे. परंतु धर्मगुरूला महिन्यातून दोन रविवारांपेक्षा अधिक वेळा तेथे जाणे जमत नाही. उरलेल्या रविवारी भाविकांना एकत्र करावे, शास्त्रवाचन करावे, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेऊन द्यावा, या कामासाठी बिशपमहोदयांच्या अनुमतीने तेथील एका प्रौढ गृहस्थाची नेमणूक करण्याचे ठरले. पत्राचा मसुदा आम्हीच लिहिला. सरकारी पत्रांची भाषा कानात बसलेली. त्यामुळे "आपणांस पुढील अधिकार बहाल करण्यात येत आहेत" असे वजनदार वाक्य लेखणीतून सहज उतरले. मिस्सेनंतर ते भरसभेत वाचून दाखविले, टाळ्या झाल्या, लोक पांगले. मग ते गृहस्थ पत्राची घडी हातात धरून आमच्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "फादर, तुमी म्हंता का हे मले देल्लं. मंग आता हे माह्यं झालं, का तुमचंच राह्यलं?"

उत्तर म्हणून आम्ही काहीतरी बोललो. ते त्यांना पटले असावे, आम्हांला मात्र पटले नाही. शेतीवाडीचे व्यवहार पाहिलेला माणूस कागदावरचे क्रियापद नेमके पकडतो. खरेदीखत, गहाणखत, बटाई आणि मक्ता यांतील फरक त्याला कुणी शिकवावा लागत नाही. जमीन "दिली" एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. कशी दिली, किती दिवसांसाठी दिली आणि परत मागता येईल काय, हे तो विचारतोच. हाच प्रश्न सत्तेबाबत आणि अधिकाराबाबत विचारावयाचा झाल्यास वऱ्हाडइतकी योग्य भूमी दुसरी सापडणे कठीण, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे. कारण या प्रांताचा सारा इतिहास म्हणजे देण्याघेण्याच्या क्रियापदांचा इतिहास आहे, आणि त्या देण्याघेण्यात ज्यांचे घरदार होते त्यांना शतकानुशतके कुणी काही विचारले नाही.

सुरुवात बहामनी काळापासून करता येईल. वऱ्हाडचा सुभा ज्याच्याकडे कारभारासाठी सोपविलेला होता त्या फतहुल्ला इमादउल्मुल्काने १४९० मध्ये स्वतंत्र होऊन एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, इमादशाही स्थापन केली. सोपविलेले ते आपलेच असे मानण्याचे आमच्या प्रांतातील हे एक ठळक जुने उदाहरण. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ते राज्य जिंकून घेतले. १५९६ मध्ये चांदबिबीने अहमदनगर वाचविण्यासाठी वऱ्हाड मोगलांना तोडून दिले. "तोडून देणे" हे आणखी एक क्रियापद: भाकरीचा तुकडा तोडून द्यावा तसा प्रांत दिला जातो. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले. त्या सनदांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी छत्रपती शाहूंना मिळाली. त्या सहा सुभ्यांत वऱ्हाड एक होते. पुढे १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामउल्मुल्काने मोगल सुभेदार मुबारिजखानाचा पराभव केला. दिल्लीचे नाव राहिले, सत्ता हैदराबादच्या घराण्याकडे गेली.

यातून जे उद्भवले त्याला जुन्या कागदांत दुअमली म्हणतात. एकाच मुलखावर दोघांचा अंमल: मुलूख निजामाचा, आणि वसुलाचा मोठा वाटा नागपूरकर भोसल्यांचा. दोघांचेही कमाविसदार गावात येत. शेतकऱ्याने कुणाकडे दाद मागावी हे ठरलेले नसे, परंतु देणे दोघांचेही असे. १८०३ च्या नोव्हेंबरात अकोला जिल्ह्यातील आडगावची लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला, आणि देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरचा हक्क सोडला. तेव्हा कुठे ही दुअमली संपण्याच्या मार्गाला लागली.

मुंबई आणि वसईकडील आमच्या वाचकांना दुअमली हा प्रकार अपरिचित वाटू नये. १७९४ मध्ये मुंबईच्या चार धर्मग्रामांची दोन-दोन अशी वाटणी होऊन अर्धी पाद्रोआदोकडे आणि अर्धी प्रोपागंदाकडे गेली. पोर्तुगालच्या राजाला पोपमहोदयांनी एके काळी दिलेला आश्रयाचा हक्क हा कायमचा होता की काढून घेण्याजोगा होता, हाच वादाचा मुद्दा होता. एकाच गल्लीतील दोन कॅथलिक घरे दोन बिशपांच्या अधिकाराखाली राहण्याची ती स्थिती पूर्णपणे मिटण्यास १९२८ साल उजाडावे लागले. वऱ्हाडचा कुणबी आणि मुंबईचा कॅथलिक यांची गाठ इतिहासाच्या पुस्तकात कधी पडत नाही. परंतु दोघांचेही दुःख एकाच क्रियापदाच्या संदिग्धतेतून जन्मलेले आहे.

आता १८५३ कडे येऊ. आमच्या विषयाचे खरे मर्म येथे आहे.

निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, खर्च मात्र निजामाचा. पगार थकत गेले, कंपनी सरकार ती रक्कम भरीत गेले आणि ते सारे कर्ज म्हणून निजामाच्या नावावर चढत गेले. लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल होते. कर्जाच्या आणि पुढील खर्चाच्या बदल्यात मुलूख कायमचा तोडून द्यावा असा कंपनीचा आग्रह होता. हैदराबादचे रेसिडेंट कर्नल लो हे बोलणी करीत होते. नासिरउद्दौला निजाम दुर्बल होता, कर्जबाजारी होता; पण "कायमचा" या शब्दाला त्याने मान तुकविली नाही. अखेर २१ मे १८५३ रोजी जो तह झाला त्यात वऱ्हाड, धाराशिवकडील मुलूख आणि रायचूर दुआब हे कंपनीला "नेमून दिले" गेले. मालकी निजामाची, कारभार रेसिडेंटचा. दरसाल हिशेब द्यावयाचा आणि खर्च भागून उरेल ते निजामाला परत करावयाचे. दिवाण सिराजउल्मुल्क तहानंतर काही दिवसांतच वारले, आणि त्यांचे तरुण पुतणे सालारजंग दिवाण झाले.

तेव्हापासून सरकारी दप्तरात वऱ्हाडचे नाव पडले ते "हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे" या अर्थाचे. प्रांताच्या नावातच क्रियापद, असा प्रकार आम्हांला अन्यत्र आढळलेला नाही. आज अमरावतीच्या कँपात किंवा अकोल्याच्या जुन्या कचेऱ्यांभोवती फिरताना कुणाला ते आठवत नाही, परंतु पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावतीस आणि पश्चिम वऱ्हाडचे अकोल्यास आले ते याच नेमून देण्यामुळे.

१८५७ च्या उठावात हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिले. त्याची बक्षिसी म्हणून १८६० मध्ये नवा तह झाला. धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले, सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले, आणि ते कोणत्या नात्याने राहिले हे सांगण्यासाठी या तहात नवा शब्द आला: विश्वस्त म्हणून. शब्द फार चांगला. पण त्याच तहाने निजामाने हिशेब मागण्याचा हक्क सोडून दिला. विश्वस्त आहे आणि हिशेब नाही! लूकच्या शुभवर्तमानातील अन्यायी कारभाऱ्याला धन्याने निदान हिशेब तरी मागितला होता.

पुढल्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडला कापूस थांबला, मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवासा झाला. खामगाव, अकोला, अमरावती येथील बाजार भरभरून वाहू लागले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरापर्यंत पोहोचला. "वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड" ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. त्या सोन्यामुळेच ठेव परत करण्याची निकड ठेव सांभाळणाऱ्याला उरली नाही, हेही सांगावयास हवे. सालारजंगांनी १८६० नंतरची वीस वर्षे वऱ्हाड परत मागण्यात घालविली. फौजेचा खर्च रोख देतो, तारण म्हणून पैसा ठेवतो, असे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद साधा होता: जे नेमून दिले ते कारण संपताच परत येते. सरकारने मानले नाही. १८८३ मध्ये सालारजंग वारले.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादला गेले आणि महबूब अली खान निजामाशी समक्ष बोलले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात करार झाला. डलहौसींना १८५३ मध्ये जो शब्द मिळाला नव्हता तो कर्झननी मिळविला, फक्त जरा वळसा घेऊन: वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने दिले गेले, वार्षिक २५ लाख रुपयांवर. मालकी पूर्वीप्रमाणेच निजामाची. ज्या पट्ट्याला मुदत नाही त्या पट्ट्याची मालकी म्हणजे काय, हे अकोल्याच्या कोर्टाबाहेर बसणारा अर्जनवीससुद्धा सांगू शकला असता. लवकरच निजामाला जी. सी. बी. हा बहुमान मिळाला, आणि हैदराबादेत विनोद पसरला की त्या तीन अक्षरांचा अर्थ "गेव्ह कर्झन बेरार", कर्झनला वऱ्हाड दिले, असा आहे. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. आणि ज्या फौजेच्या खर्चासाठी पन्नास वर्षांपूर्वी हे सारे सुरू झाले होते ती हैदराबाद कंटिंजंट त्याच सुमारास हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन होऊन नाहीशी झाली. कारण गेले, कार्य राहिले. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आमच्या प्राध्यापकांनी हे अशक्य म्हणून शिकविले होते.

उस्मान अली खान निजामाने १९२३ मध्ये वऱ्हाड पुन्हा मागितले. १९२६ च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी त्याला जे उत्तर दिले ते संस्थानांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे: हिंदुस्थानात सार्वभौम सत्ता ब्रिटिश राजाचीच, तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालण्याचा अधिकार कोणत्याही संस्थानिकाला नाही. दहा वर्षांनी, १९३६ मध्ये, मलमपट्टी झाली. निजामाला "हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम" म्हणण्यात येऊ लागले आणि त्याच्या वारसाला "प्रिन्स ऑफ बेरार" ही पदवी मिळाली. त्या राजपुत्राच्या हुकमाने वऱ्हाडातील एकाही तलाठ्याची बदली होऊ शकत नव्हती. नाव दिले, अधिकार दिला नाही.

या साऱ्या तह-करारांत वऱ्हाडच्या माणसाचे नाव कोठे येते? आमच्या समजुतीप्रमाणे एकदाही येत नाही. वऱ्हाडचे भवितव्य ठरविताना वऱ्हाडची माणसे बोलणी करणाऱ्यांच्या पंगतीला बसली याचे ठळक उदाहरण ८ ऑगस्ट १९४७ चे. त्या दिवशी अकोल्यात शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी प्रभृती नेत्यांनी विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र यांनी एकत्र कसे नांदावे याविषयी करार केला. तो अकोला करार. त्यातले किती पाळले गेले याची चर्चा आजही कडवटपणे होते आणि ती येथे करण्याचा आमचा मानस नाही. पुढे १९५० मध्ये संविधान अमलात आले. त्याच्या उद्देशिकेच्या मराठी पाठात लोक संविधान स्वतःला देतात, आणि त्या देण्यासाठी तेथे "अर्पण" हा शब्द योजिला आहे. भाषांतरकाराने हा शब्द किती विचारपूर्वक निवडला हे सांगणे कठीण. पण शब्द लक्षात ठेवावा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

राजेरजवाड्यांचे झाले. गावात काय होते? गावात वतन होते. पाटील, पटवारी, त्यांच्या वर परगण्याला देशमुख आणि देशपांडे. "वतन" या अरबी शब्दाचा मूळ अर्थ जन्मभूमी. अधिकाराचे नाव जन्मभूमी पडले, कारण तो अधिकार पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत मुरला. पाटीलकी विकली जाई, वाटली जाई, भावाभावांत तिच्यावरून पिढ्यांचे वैर होई; पोळ्याच्या दिवशी कुणाचा बैल पुढे यावरून डोकी फुटत. इंग्रजांनी वऱ्हाडात ही पद्धत मोडली नाही, नियमांत बसविली. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकी संपली, आणि नंतर आला तो पोलीस पाटील, जो सरकार नेमते. "वतन" जाऊन "नेमणूक" आली. वंशाचा हक्क संपला, पण आडनाव राहिले. आमच्या नोंदवहीतही काही राहिली आहेत.

या शब्दांची मुळे पाहणे हा आमचा जुना छंद. सनद म्हणजे ज्यावर टेकावे तो आधार. मुखत्यार म्हणजे निवडलेला. इजारा म्हणजे भाड्याने देणे; वऱ्हाडात पडीक गावे वसविण्यासाठी इजाऱ्याने दिली जात. हवाली करणे आणि सुपूर्द करणे हे दोन्ही फारशी वळणाचे, स्वाधीन करण्याच्या अर्थाचे. आणि आमचे लाडके "बहाल" : मूळ अर्थ "पूर्वीच्या स्थितीत". पद काढून घेतलेल्याला ते पूर्ववत दिले म्हणजे बहाल केले. ज्या गृहस्थांना आम्ही अधिकार "बहाल" केले त्यांच्याकडे पूर्वी ते कधीच नव्हते! चूक आमची, आणि ती भरसभेत वाचलेली. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पेशव्याचा मुख्य प्रधान आणि सुरनिसाचा सचिव केला. परंतु बोलण्यातून सनद, वतन, बहाल ही मंडळी हलली नाहीत. १९६० नंतर भाषा संचालनालयाने प्राधिकृत करणे, प्रत्यायोजन, अभिहस्तांकन असे शब्द घडविले. ते नेमके आहेत. "अभिहस्तांकन" हा शब्द मात्र आमच्या धर्मग्रामात उच्चारून दाखविणाऱ्यास आम्ही स्वखर्चाने चहा पाजू.

शब्दांइतकीच वस्तूंचीही भाषा आहे. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून येत. ती आल्याखेरीज पेशवा पेशवा होत नसे. सेनापतीला शिक्के-कट्यार, कामगिरीवर निघणाऱ्याला विडा. आणि नारळ! सत्कारात नारळ देतात आणि नोकरीवरून काढतानाही नारळच देतात. देणारा हात आणि काढून घेणारा हात एकच, हे मराठी माणसाने त्या एका फळात सांगून ठेविले आहे.

संस्कृत "अधिकार" शब्दाची गोष्ट वेगळी. त्यात दोन अर्थ एकत्र नांदतात. एक पदाचा: कलेक्टरचा अधिकार. दुसरा योग्यतेचा: एखाद्या संतपुरुषाविषयी "मोठा अधिकारी माणूस" असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्याकडे कोणतेही पद नसते. पहिला दिला जातो, दुसरा मिळवावा लागतो, किंवा वरून लाभतो. योहानाच्या शुभवर्तमानात पिलात प्रभूला आपल्या अधिकाराची जाणीव करून देतो आणि प्रभू त्याला सांगतात की वरून दिल्याखेरीज तुला तो नसताच. रोमचा सुभेदार बादशहाच्या सनदेवर टेकलेला होता. प्रभूंनी त्या सनदेच्याही वर बोट दाखविले.

नव्या करारातले जे ग्रीक क्रियापद हाती देण्यासाठी येते तेच धरून देण्यासाठीही येते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात संत पौल प्रभुभोजनाची परंपरा आपण हाती दिली म्हणून सांगतात, आणि त्याच वाक्यात प्रभूला शत्रूच्या हाती दिले गेले त्या रात्रीचा उल्लेख करतात. मूळ भाषेत शब्द एकच. लॅटिनमध्येही तसेच: परंपरा आणि विश्वासघात एका धातूची लेकरे. मराठीत "स्वाधीन करणे" पाहा. घराची चाबी स्वाधीन करतात आणि चोर पोलिसांच्या स्वाधीन करतात. ज्याच्या हाती दिले तो त्याचे काय करील हे क्रियापद सांगू शकत नाही.

ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न सुटलेला होता असे समजू नये. गुरुदीक्षेत अधिकार नेमका कोणत्या क्षणी मिळतो? १४३९ मध्ये फ्लॉरेन्स परिषदेच्या वेळी आर्मेनियन ख्रिस्ती बांधवांसाठी काढलेल्या आदेशात उत्तर होते: कॅलीस आणि पातेन हाती दिले जातात तेव्हा. शतके हे शिकविले गेले. आणि हात ठेवण्याचे काय, जे प्रेषितांच्या काळापासून चालत आले होते? पंडितांत वाद चालू राहिला. अखेर पोप बारावे पायस यांनी ३० नोव्हेंबर १९४७ रोजी निर्णय दिला की यापुढे हस्तस्पर्श आणि अभिषेकाची प्रार्थना हेच संस्काराचे गाभे. पात्रे हाती देणे त्यासाठी आवश्यक नाही. म्हणजे अधिकार ही वस्तू हातातून हातात जात नाही. मस्तकावर हात ठेवून पवित्र आत्म्याला विनविले जाते. अकोल्यात करार झाला त्याच वर्षातली ही घटना. पूर्वी खालच्या दर्जाच्या दीक्षांत द्वारपालाची एक दीक्षा असे; त्याला मंदिराच्या किल्ल्या हाती देत. सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये ती बंद केली. आमच्या मंदिराची चाबी आता सॅक्रिस्तानकडे असते, आणि ती त्याला कोणत्याही विधीशिवाय मिळालेली आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत बिशपांच्या अधिकारावर चर्चा झाली तेव्हाही एका शब्दावर पुष्कळ अडले. १९६४ च्या नोव्हेंबरात ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानाला जोडलेल्या खुलाशात स्पष्ट केले गेले की दीक्षेने मिळते त्यासाठी "पोतेस्तास", म्हणजे सत्ता, हा शब्द टाळून "मुनुस" हा शब्द हेतुपुरस्सर योजिला आहे. सेमिनरीत आम्हांला लॅटिन जेमतेम शिकविले गेले, परंतु हा शब्द मनात रुतून बसला. मुनुस म्हणजे काम, कर्तव्य. आणि मुनुस म्हणजेच देणगी. एकाच शब्दात भेट आणि भार. आमच्या शिक्षकांना वाटे की हा शब्द अनुवादित होत नाही. आम्हांलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते.

परंतु मराठीत तो आहे, आणि पहिलीतल्या मुलालाही येतो. "देणे". गाणाऱ्याच्या गळ्याला आपण देवाचे देणे म्हणतो, आणि सावकाराचे फेडावयाचे त्यालाही देणेच म्हणतो. देण्याची क्रिया, दिलेली वस्तू आणि अंगावरचे कर्ज ही तिन्ही एका शब्दात. निजाम नासिरउद्दौल्याने वऱ्हाड दिले ते देण्यापायीच दिले. आमच्या त्या गृहस्थाला मिळाले तेही देणेच. अर्थ तेवढा निराळा.

आणि "सोपविणे"? हा शब्द आम्ही फार साधा समजत होतो. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की तो संस्कृत "समर्पय" या रूपापासून झिजत आला. समर्पण आणि सोपविणे ही एकाच घरातील माणसे: एक वेदीवर उभे, दुसरे अंगणात काम करणारे. संविधानाच्या उद्देशिकेतील "अर्पण" याच कुळातले. मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस अर्पण करणारा धर्मगुरू नंतर व्हरांड्यात उभा राहून कुणाला एखादे काम सोपवितो तेव्हा, शब्दापुरते तरी, तो तेच करीत असतो.

१९५५ मध्ये बाराव्या पायस यांनीच अमरावती धर्मप्रांत स्थापन केला. जोसेफ रोझारिओ हे पहिले बिशप. १८८७ चा नागपूर धर्मप्रांत त्यासाठी विभागला गेला, आणि १९७७ मध्ये अमरावतीतून औरंगाबाद वेगळा झाला. अशा वेळच्या पोपपत्रांत "आम्ही वेगळे करतो", "आम्ही उभारतो" अशी रूढ क्रियापदे असतात. (तेथील "आम्ही" आणि या लेखातील "आम्ही" यांत जे अंतर आहे ते सुज्ञ वाचक जाणतातच.) वऱ्हाडचे हेही एक वाटप. परंतु धर्मप्रांत कुणा बिशपाचे वतन होत नाही, वारसाला जात नाही, भाडेपट्ट्याने देता येत नाही. १९८३ ची धर्मविधिसंहिता १३१ व्या कलमात फरक करते: एक अधिकार पदाला कायद्यानेच चिकटलेला, दुसरा व्यक्तीला नेमून दिलेला. आम्ही धर्मग्रामाचे प्रमुख म्हणून जे काही करतो ते पहिल्या प्रकारचे, आणि बदलीचे पत्र आले की ते येथेच ठेवून जावयाचे. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्या प्रापंचिक सेवकांना १९७३ पासून जी मुभा आहे ती नेमून दिलेली. दोघांनाही हिशेब आहे, आणि तो १८६० च्या तहाप्रमाणे माफ होण्याची शक्यता दिसत नाही.

दुसऱ्या महिन्यात आम्ही त्या वस्तीवर गेलो तेव्हा नवे पत्र घेऊन गेलो. "बहाल करण्यात येत आहेत" हे खोडले होते आणि त्याजागी "ही सेवा आपल्याकडे तीन वर्षांसाठी सोपवीत आहोत" असे लिहिले होते. गृहस्थांनी ते दोनदा वाचले, जुने पत्र खिशातून काढून आमच्या हाती दिले आणि म्हणाले, "हे बरं झालं फादर. ते पहिलं पत्र घरी ठेवाले भेवच लागे." मग त्यांनी प्रार्थनामंदिराचे दार उघडले. तीन वर्षे संपल्यावर ती चाबी त्यांनी, आम्ही न मागता, वेदीवर आणून ठेवली. आम्ही ती आणखी तीन वर्षांसाठी त्यांच्याकडेच सोपविली.